आत्याचं गुरुवारचं भांडण

हे मला आत्ताच सांगायचंय. जेवण राहू दे, भिजत घातलेले कपडे राहू देत. उद्यावर टाकलं की मी परत गप्प बसणार, दोन वर्षं तेच करतेय. भराभर टाईप करतेय, चुका होतील, खोडत बसणार नाही, सांभाळून घ्या.

आमच्या आत्याचा काडीमोड मी शाळेत असताना झाला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणतो, आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. काडीमोडानंतर त्यांना काय म्हणायचं हे कुणी शिकवलं नाही, म्हणून ते मामाच राहिले. त्यांचं गाव इंदापूरच्या पुढं, नरसिंहपूरच्या रस्त्याला. त्यांच्या आजोबांच्या वेळी मेंढरं होती, आता थोडी शेती आणि आठ-दहा शेळ्या.

काडीमोड का झाला, हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. दोघं भांडायचे, बास. शेळी कुणी सोडली यावरून, दार कुणी उघडं टाकलं यावरून. एकदा आत्यानं त्यांचा रेडिओ विहिरीत टाकला. ते म्हणाले, जा भावाकडं. ती म्हणाली, जातेच. मग दोन्हीकडची मोठी माणसं मध्ये पडली, आणि त्यांच्या मानापानात गोष्ट पंचांपर्यंत गेली. पंच एक वाळकी काडी देतात. एक टोक नवऱ्यानं धरायचं, एक बायकोनं, आणि तीनदा विचारतात, मोडायची का. दोघांनाही वाटत होतं की समोरचा नाही म्हणेल. सगळा गाव बघत होता. तिसऱ्यांदाही कुणी नाही म्हटलं नाही आणि काडी मोडली.

आत्या बारामतीला आमच्याकडं आली. वडिलांनी शिलाई मशीन घेऊन दिलं, ते पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीला लावलं, आणि ती ब्लाऊज शिवायला लागली. दोनेक महिने गेले. मग एका गुरुवारी, गुरुवार म्हणजे आमच्या बारामतीचा बाजार, मामा शेळी विकून खिडकीशी येऊन उभे राहिले. काडीमोड झालेल्या माणसानं उंबरा ओलांडायचा नसतो. म्हणून ते बाहेर कट्ट्यावर बसले आणि खिडकीतून सदरा आत दिला.

"बाई, बटण तुटलंय."

"तुटलं का तोडलं, पाव्हणं?"

"मी कशाला तोडू? मला दुसरा धंदा न्हाय व्हय?"

"दोरा ब्लेडनं कापल्यावाणी दिसतोय."

"तुला सगळं कापल्यावाणीच दिसतं. काडीबी तूच मोडली."

"मी नुसती धरली हुती. वढली तुमी."

"आगं, मी सैल सोडली हुती."

"सैल सोडली म्हणूनच मोडली. धरायची हुती की."

हे असं अर्धा तास. मग आत्या आतून चहा आणायची, कप खिडकीत आदळायची, आणि ते फुंकून फुंकून प्यायचे. तेव्हापासून दर गुरुवारी. कधी बटण, कधी पिशवीचा बंद, कधी काखेत उसवलेलं. आणि बटण आत्या असं लावायची की पुढच्या गुरुवारपर्यंत टिकलं तर नवल. इतर गिऱ्हाइकांची बटणं ती दाताखाली धरून ओढून बघायची, ह्यांचं नाही. आई म्हणायची, काय मेली कटकट. वडील गुरुवारी मुद्दाम उशिरा यायचे. मला मात्र कळत होतं. मी त्याच खोलीत पडद्यामागं टेबलावर अभ्यासाला बसायचे, आणि गुरुवारी सकाळी आत्या केसाला तेल लावते हे मला दिसत होतं.

आता माझं. बारावीनंतर मी टायपिंगच्या क्लासला जायला लागले आणि त्याच्याबरोबर शॉर्टहँड लावलं. शॉर्टहँडची गंमत अशी की कुणीतरी भराभर बोलावं लागतं, तेव्हा हात बसतो. घरी मला कोण सांगणार? मैत्रीण पेपर वाचून दाखवायची, पण ती जांभया देत वाचायची. आणि हितं पडद्यापलीकडं दोन माणसं दर गुरुवारी न थांबता बोलतायत. मी वही काढली आणि उतरवायला लागले. पहिल्यांदा खरंच फक्त सरावासाठी. देवाशपथ. ते भांडायला लागले की मिनिटाला शंभर शब्द सहज, आणि माझी परीक्षा ऐंशीची होती. मी पहिल्या झटक्यात पास झाले. आत्यानं पेढे वाटले. तिला वाटलं पोरगी हुशार आहे.

हात मांडीवर फिरवायची सवय मला तेव्हाच लागली. शॉर्टहँड शिकणाऱ्या पोरींना लागतेच, कुणी बोललं की बोट आपोआप रेघा ओढतं. आत्या हसायची, म्हणायची, "पोरीला खाज सुटली बघा."

क्लासच्या सरांना नाटकाचं वेड. त्यांचं एक हौशी मंडळ होतं, आणि त्या वर्षी इंदापूरच्या एका गणपती मंडळानं त्यांना बोलावलं होतं. सरांनी स्वतः विनोदी नाटक लिहिलं. घटस्फोट झालेलं जोडपं एका लग्नात समोरासमोर येतं, भांडतं, आणि शेवटी परत एकत्र येतं. सरांचं लग्न व्हायचं होतं. त्यांच्या नाटकातली बायको नवऱ्याला म्हणायची, "आपण माझ्या भावनांची कदर केली नाहीत." तालमीला कुणी हसायचं नाही. सर स्वतःच हसून दाखवायचे.

नाटकाच्या नकला काढायचं काम माझ्याकडं होतं. नक्कल म्हणजे प्रत्येक नटाला फक्त त्याची वाक्यं आणि त्याच्या आधी समोरचा बोलतो त्यातले शेवटचे दोन-चार शब्द. सगळं नाटक प्रत्येकाला द्यायचं तर किती कागद आणि किती कार्बन. मी नायिकेची नक्कल टाईप करत होते. त्या 'भावनांची कदर'पाशी आले आणि माझी बोटं थांबली. मग मी त्या जागी टाईप केलं, "तुटलं का तोडलं, पाव्हणं?" आणि नायकाच्या नकलेत त्याचं उत्तर टाकलं. गंमत म्हणून. तालमीला बघू, सर ओरडले तर बदलू.

तालमीला सगळे खो-खो हसले. सरांनी नक्कल हातात घेतली, माझ्याकडं बघितलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कुठून आणलंस?"

"सुचलं, सर."

ह्या एका शब्दाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. 'घरी ऐकलं' म्हणाले असते तर सरांनी तिथंच थांबवलं असतं, ते तसे सरळ माणूस आहेत. पण मी 'सुचलं' म्हणाले. सर म्हणाले, अजून सुचतंय का बघ. मग मला रोजच सुचायला लागलं. मी घरी येऊन वही उघडायची आणि सुचायचं. काडीचं भांडणसुद्धा घातलं, शब्द न् शब्द. दुसरा अंक जवळजवळ सगळा आत्या आणि मामांचा झाला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्या कानात काहीतरी आहे. मी दोन दिवस हवेत.

श्रावणातल्या एका गुरुवारी मामा आले तेव्हा त्यांच्या हातात सदरा नव्हता, पिशवी नव्हती. रिकाम्या हातानं कट्ट्यावर बसले.

"आज काय फाटलं, पाव्हणं?"

"कायबी न्हाय. घरी चल म्हणत न्हाय मी."

"म्हणूबी नका."

"म्हणतच न्हाय. नुसतं सांगतोय. पडवीत उजेडाला जागा केलीया. मशीन बसंल एवढी."

"बसवा मग कुणाला तरी."

"बसवली असती. पर तिला माझ्यावर खेकसता आलं पायजे की."

मशीनचं चाक थांबलं. मी पडद्यामागं उतरवतच होते, आत्याला वाटत होतं मी क्लासला गेलेय.

"माप घेतलं का?" आत्या म्हणाली.

"कशाचं?"

"मशीनचं. का अंदाजानं केली जागा? तुमचा अंदाज मला ठावं हाय. चुलीचा धूर अजून माझ्या डोळ्यात हाय."

मग तिनं गळ्यातली टेप काढली आणि एक टोक खिडकीतून त्यांना दिलं. मामांनी बाहेरून गजाला धरलं, तिनं आतून मशीनच्या कडेला. लांबी झाली, रुंदी झाली. दोघंही टेप ओढत नव्हते.

"दसरा झाला की आबास्नी घिऊन येतो," मामा म्हणाले. "तवर तोंड आवर जरा."

"तुमी आधी आवरा."

आबा म्हणजे त्यांच्या गावातले सगळ्यात वडील पंच. मोडलेलं परत जोडायचं तर आधी आबांचं मन वळलं पाहिजे, मग बाकीचे. म्हणजे आत्या परत जाणार होती. हे जगात तिघांनाच माहीत होतं, त्यातल्या दोघांना तिसरीचं माहीत नव्हतं.

आणि मी काय केलं? त्याच संध्याकाळी ते सगळं टाईप केलं. जागा, चूल, टेप, सगळं. सरांच्या नाटकाचा शेवट पुचाट होता, एक चिठ्ठी यायची आणि दोघं रडायचे. मी चिठ्ठी काढली आणि टेप घातली. टाईप करताना मला रडू येत होतं आणि रडता रडता मी कार्बन सरळ आहे का बघत होते.

इंदापूरचा प्रयोग म्हटल्यावर मला भीती वाटायला हवी होती. पण इंदापूर गाव मोठं, मामांचं गाव आणखी पुढं, शेळ्या सोडून नाटकाला कोण येतंय, असं मी मनाला सांगितलं. नायिकेचा ब्लाऊज आत्यानंच शिवला. मनापासून शिवला, बाहीला काठ लावला. आणि आदल्या गुरुवारी खिडकीतून मामांना सांगितलं, "आमच्या भाचीचं नाटक हाय इंदापुरात. या बघायला. आबास्नीबी आणा, बघू द्या आमचं घर शिकलेलं हाय." मी पडद्यामागंच होते. हातातली पेन्सिल खाली पडली. तरी बाहेर येऊन बोलले नाही. नाटकाच्या हातपत्रिकेवर सरांच्या नावाखाली माझं नाव छापून आलं होतं.

दिवेलागणीला नाटक सुरू झालं. मांडवात डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष. आत्या बायकांत दुसऱ्या रांगेत, नवं लुगडं. पलीकडं मामा, पांढरी टोपी, शेजारी आबा, मागं गावची चार-पाच माणसं. मामांनी त्यांना जीप करून आणलं होतं. मी विंगेत.

पहिलं "पाव्हणं" आलं तेव्हा आत्या हसली. सगळ्यांच्या आधी हसली, शेजारणीला कोपर मारून. बटणाचं वाक्य आलं, तेव्हाही थोडं हसली. मग तिचं तोंड तसंच राहिलं, पण हसणं थांबलं. मला विंगेतून स्वच्छ दिसत होतं, तिच्यावर ट्यूबलाईट होती.

मग ते आलं. "सैल सोडली म्हणूनच मोडली. धरायची हुती की."

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आरं, ही तर आपल्या गावची काडी." त्या गावानं ती काडी मोडताना बघितली होती ना. आणि हसू फुटलं. आधीचं हसणं नाटकाला होतं, हे तसं नव्हतं. "बटण दाखव की रं," दुसरा म्हणाला. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. स्टेजवरचे दोघं खूश, त्यांना वाटलं आपलं काम चांगलं होतंय, ते आणखी जोरात बोलायला लागले.

पडदा पाडा, असं मी सरांना म्हणायचं होतं. सर माझ्या शेजारीच होते. म्हणाले, बघ, बघ, काय हशे घेतायत. मी म्हणाले, हो ना.

टेपचा प्रसंग आला. मांडवात एकदम शांत झालं, इतकं चांगलं झालं होतं ते. आणि त्या शांततेत मागून कुणीतरी विचारलं, "मशीन किती भरली मग, पाव्हणं?"

मामा उठले. त्यांनी बायकांच्या बाजूला एकदाच बघितलं आणि माणसांच्या पायांतून वाट काढत गेले. आबा हसले नव्हते. ते काठी टेकून हळूहळू मागून गेले. आत्या शेवटपर्यंत बसून होती. उठली असती तर उरलेल्यांनाही कळलं असतं.

नाटक संपल्यावर सरांनी मला स्टेजवर बोलावलं, लेखनात हिचा मोठा वाटा आहे म्हणाले, नारळ दिला. मी गेले. मी नमस्कारही केला.

एसटीत आत्या खिडकीशी बसली. भिगवणकडं वळणारा फाटा गेला. मग बाहेर बघतच म्हणाली, "त्यास्नी वाटंल, मी घरात समद्यांना सांगून हसते."

आणि माझं बोट मांडीवर फिरत होतं. तिचं हे वाक्यसुद्धा माझं बोट उतरवून घेत होतं. तिनं खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग आपला हात माझ्या बोटावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. तेवढंच. शिव्या नाहीत, का केलंस नाही. घर येईपर्यंत हात काढला नाही.

पुढच्या गुरुवारी ती खिडकीत बसली. मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. दसरा आला, गेला. दिवाळीच्या आधी तिनं मशीन खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावलं, उजेड डोळ्यावर येतो म्हणून.

मग मी गेले मामांकडं. घरी सांगितलं, क्लासला जाते. इंदापूरला उतरून दुसरी गाडी धरली. पिशवीत वही. मामा पडवीत शेळीला पाला टाकत होते.

"ये. एकलीच आलीस व्हय? बस."

पडवीत उजेडाच्या बाजूला शेणानं सारवलेला चौकोन होता, बाकीच्या जमिनीपेक्षा नवा. मी ती जागा सोडून बसले. चहा त्यांनीच केला.

"मामा, आत्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मी लपून लिहून घेत होते." मी वही उघडून दाखवली.

त्यांनी पानं उलटली. "ह्या रेघांत आमी हाय व्हय?"

"हो."

"ही कुठली?"

"ते रेडिओचं. 'विहिरीत टाकला तरी गात हुता' म्हणाली होती ती."

ते जरासे हसले. खरंच हसले. मला वाटलं, झालं, सुटले मी. मग त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"तुझ्यावर राग न्हाय, पोरी. तिच्यावर तर न्हायच. पर आता तितं येऊन मी बोलू काय? तोंड उघडलं की वाटतंय, हे समद्यांनी आधीच ऐकलंय."

"आणि आबा?"

"आबा म्हणत्यात, घरातलं बोलणं गावात मांडणारी बाय नको. त्यांचा शबुद मला मोडता येत न्हाय."

"मी सांगते आबांना. आत्ता जाऊन सांगते, मी केलं म्हणून."

आबांचं घर तिथून दिसत होतं. दारात बाजेवर ते बसलेले पण दिसत होते. मामा त्या बाजूला बघत म्हणाले, "नको. ऱ्हाऊ दे. तू लई सांगितलं."

बास. एवढंच म्हणाले. आणि मी काय केलं ते मी आजवर आईला सांगितलं नाही, आत्याला नाही, मैत्रिणीला नाही. मला इतकं बरं वाटलं. मामा नको म्हणाले म्हणून सुटल्यासारखं वाटलं. मी चहाचा कप विसळून ठेवला, पाया पडले, आणि आबांच्या दारावरूनच चालत रस्त्याला आले. आबांनी विचारलं, कुणाची गं? मी म्हणाले, पाहुणी आले होते, आणि चालायला लागले. वीस पावलं. वीस पावलं मागं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. एसटी येतेय का हे मी बघत राहिले.

आत्याला माहीतच नाही की मी गेले होते. तिला अजून वाटतंय की मामा समजतायत तिनंच सांगितलं. हेही मी दुरुस्त केलेलं नाही. कारण ते सांगितलं की आबांचं सांगावं लागेल.

आत्या आता कुणाशी भांडत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, किती गोड झाल्यात बाई. वडील म्हणतात, शांत झाली, बरं झालं. बटणं सगळ्यांची एकसारखी लावते, ओढून बघते. मामा गुरुवारी बाजाराला येतात, मला लांबून दिसतात, दुसऱ्या गल्लीनं जातात. त्यांनी दुसरं लग्न केलेलं नाही. आबा अजून आहेत, थकलेत म्हणतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग जा की, आधी आत्याला सांग, मग आबांना सांग. मीही मला तेच म्हणते, दर गुरुवारी म्हणते. म्हणून तुम्हाला विचारतेय, खरं खरं सांगा. तुमच्या हातून कुणाचं असं मोडलंय का? आणि ज्याचं मोडलं तोच 'राहू दे' म्हणाला, आणि तुम्ही लगेच, अगदी लगेच, राहू दिलंत, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?